विषाणूचा 'स्ट्रेन': वाण, प्रकार की प्रभेद?

शलाका: पपईच्या फळांवर वलयं उठवणाऱ्या रिंगस्पॉट व्हायरसवर मराठीत टिपण लिहितेय. 'स्ट्रेन'ला काय म्हणू? मी 'वाण' लिहिलं होतं. काकांनी वाचलं आणि विचारलं, "कुठलं वाण? तैवान ७८६ का?"

मुकुंद: वाण नकोच. शेतकऱ्याच्या कानाला वाण म्हणजे रोपाचं. करोनाच्या काळात पेपरांत 'नवा प्रकार' रुळला, पण तो फार सैल आहे. रोगाचा प्रकार की विषाणूचा, काही कळत नाही. माझं मत प्रभेदला.

वि. जोशी: प्रभेद बरोबर. पण वापरताना एक बघा, नुसत्या जनुकीय फरकाला प्रभेद म्हणू नका. हा आरएनए विषाणू, जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, साधारण १०,३०० अक्षरांचा. नक्कल करताना झालेल्या चुका तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे एकाच झाडातल्या प्रतीही तंतोतंत जुळत नाहीत. त्या प्रत्येकीला कुठे नाव देत बसणार? ती 'विविधता'. फरकामुळे वागणूक बदलली, की प्रभेद.

याच विषाणूचे पी आणि डब्ल्यू हे प्रभेद बघा. पी पपईला धरतो, काकडी-भोपळ्यालाही धरतो. डब्ल्यू फक्त वेलवर्गीयांना, पपईला नाही. सीरमच्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या, चाचणीत दोघे सारखेच दिसतात.

शलाका: आणि 'आयसोलेट'? तोही प्रभेदच ना?

वि. जोशी: नाही हो. एका शेतातल्या, एका झाडातून वेगळा काढलेला विषाणू तो आयसोलेट. सरळ 'नमुना' म्हणा. दहा नमुने एकाच प्रभेदाचे निघू शकतात.

नमुन्या-नमुन्यांतला भेद हवाईत नीट दिसला. तिथे पुना भागात १९९२ मध्ये रोग शिरला आणि बागा बसल्या. मग विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं जनुक घातलेल्या 'रेनबो' आणि 'सनअप' पपया १९९८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत गेल्या. ते जनुक हवाईच्याच विषाणूचं. रेनबो हवाईच्या विषाणूपुढे टिकली. पण ग्रीनहाऊसमध्ये तैवान-थायलंडचे नमुने टोचले तर तीच पपई आजारी पडली. रेनबो संकरित, तिच्यात त्या जनुकाची एकच प्रत. सनअपमध्ये दोन, म्हणून तिचा पल्ला मोठा. तेव्हा 'व्हायरस-प्रतिरोधक पपई' एवढंच लिहिणं अर्धवट आहे. कुठल्या नमुन्यांना, ते लिहा.

मुकुंद: 'म्युटेशन'ला उत्परिवर्तन ठेवा, शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे. 'जनुकीय बदल' लिहिलंत तर लोक जीएम पिकं समजतील, आणि इथे तर दोन्ही विषय एकत्र आलेत!

शलाका: 'माइल्ड स्ट्रेन' म्हणजे सौम्य प्रभेद, चालेल?

वि. जोशी: चालेल, पण कशावर सौम्य ते जोडा. रेनबोत ज्याचं जनुक आहे तो एचए ५-१ हा प्रयोगशाळेत मुद्दाम केलेला सौम्य उत्परिवर्ती. लशीसारखा आधी टोचायचा, म्हणजे उग्र विषाणू आला तरी झाड तग धरेल, हा हेतू. तरी काही पपयांच्या फळांवर वलयं उठायचीच.