मदत हवी आहे: हायड्रोपोनिक फुलझाडांची खतं आणि पूरकं कोणत्या क्रमाने मिसळावीत?

नमस्कार मंडळी,

पिटुनिया आणि जरबेरा मातीविना वाढवतेय. २० लिटरच्या बादल्या, मुळं थेट पाण्यात, खाली एअर स्टोन. नुसती पानं वाढत होती तोवर ए आणि बी असं दोन भागांचं खत पुरत होतं. आता कळ्या धरल्यात आणि तीन बाटल्या वाढल्यात: पोटॅशियम सिलिकेट, कॅल-मॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पूरक) आणि फुलोऱ्यासाठी फॉस्फरस-पोटॅशचं पूरक. प्रत्येक बाटलीवर लिटरला किती मिली ते छापलंय, पण बाकीच्यांसोबत वापरताना काय करायचं ते एकीवरही नाही.

पाणी आरओचं आहे, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) जवळजवळ शून्य. ए-बी मिसळल्यावर ईसी १.४ येतो आणि द्रावण स्वच्छ असतं. त्यात फुलोऱ्याचं पूरक आणि सिलिकेट गेलं की पाणी दुधाळ होतं, पीएच ७ च्या वर चढतो. आम्ल घालून ५.८ वर आणला तरी तळाशी पांढरा साका उरतोच. जरबेरा ठीक आहे, पण पिटुनियाची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून मधूनच पिवळी पडताहेत. पीएच चढला की लोहाची कमतरता पिटुनिया लवकर दाखवते, म्हणून जास्त काळजी वाटतेय. ऐन कळ्यांच्या वेळी ही झाडं हातची जाऊ द्यायची नाहीत.

सिलिकेट नक्की कधी घालायचं? पूरकं वाढली की ए-बी कमी करायचं का? आणि साका बसलेलं पाणी वापरता येतं, की ओतून द्यावं?

प्रतिसाद

सिलिकेट सगळ्यात आधी, नुसत्या पाण्यात. ते तीव्र अल्कधर्मी असतं, बाटलीतला पीएच ११ च्या आसपास. कॅल्शियम असलेल्या पाण्यात ते शेवटी पडलं की गढूळपणा येणारच. बादली जवळजवळ भरलेली असताना ढवळत ढवळत घाला, थोडं आम्ल घालून पीएच ६ ते ७ मध्ये आणा, मग कॅल-मॅग, मग ए, मग बी, सगळ्यात शेवटी फुलोऱ्याचं पूरक. दोन बाटल्यांच्या मध्ये नीट ढवळा आणि मापटं धुऊन घ्या. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट असतं, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. ही दाट रूपात एकमेकांना भेटली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. पीएचची शेवटची दुरुस्ती सगळं मिसळल्यावरच.

साक्यातलं कॅल्शियम फॉस्फेट आम्ल घातल्यावर बरंचसं परत विरघळतं. सिलिकाचा जेल झाला असेल तर तो विरघळत नाही. ५.८ ला आणूनही साका उरतोय, म्हणजे त्या पाण्यात नेमकं काय शिल्लक आहे ते सांगता येणार नाही. ईसी मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवतो, कोणता क्षार कमी झाला ते नाही. मी तरी ते पाणी ओतून देईन.

फुलोऱ्याच्या पूरकाबद्दल स्पष्टच सांगतो: तुमच्या पिटुनियाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. लेबलवरचा फॉस्फरस ऑक्साइडच्या रूपात लिहितात, खरा आकडा काढायला ०.४४ ने गुणावं लागतं. लेबलवर १३ टक्के असेल तर लिटरला १ मिली म्हणजे सुमारे ५७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) फॉस्फरस. मातीविना शेतीत प्रमाण मानल्या जाणाऱ्या हॉगलंडच्या पोषक द्रावणात तो एकूण ३१ पीपीएमच आहे, आणि तुमच्या बी मध्ये फॉस्फरस आधीच असणार. जास्तीचा फॉस्फरस लोह आणि जस्ताच्या आड येतो, जास्तीचं पोटॅश कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या. घालायचंच असेल तर लेबलच्या पाव मात्रेने सुरुवात करा आणि तेवढं ए-बी समप्रमाणात कमी करा, म्हणजे एकूण ईसी १.६ च्या आसपास राहील.

ए च्या लेबलवर लोह कोणत्या रूपात आहे तेही बघा. ईडीटीए आणि डीटीपीए ही लोहाला विरघळलेलं ठेवणारी संयुगं. ईडीटीए असेल तर पीएच ६.५ च्या वर ते टिकत नाही. डीटीपीए ७ च्या थोडं पुढेपर्यंत तग धरतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. बादलीला हात लावण्याआधी काचेच्या बरणीत १ लिटर पाण्यात तुमच्या क्रमाने मिसळून रात्रभर ठेवलं. पाणी स्वच्छ आहे, तळाशी काही नाही. लोह ईडीटीएच निघालं. आता बादल्या धुऊन नवं द्रावण भरतेय, फुलोऱ्याचं पूरक तूर्त बाजूला.

एक शंका उरली. मुळांसाठी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी घालायचा विचार आहे, पण पाणी स्वच्छ राहावं म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडही थोडं घालते. दोन्ही एकत्र चालणार नाही हे कळतं, पेरॉक्साइड त्या बुरशीलाही मारणार. पेरॉक्साइड थांबवल्यावर किती वेळाने ट्रायकोडर्मा सोडावा? कुणी पाण्यातल्या मुळांवर वापरला असेल तर कृपया सांगा.