प्रतिसाद: बसमधलं पाणी आणि काझ्याची थंडी

दादा, निपाणीहून घर केलेली बस जानेवारीत हिमाचलच्या स्पितीतल्या काझ्याला न्यायची म्हणताय, आणि वरच्या प्रतिसादात एकांनी पाण्याच्या पाइपांना फोम गुंडाळायला सांगितलंय. गुंडाळा, पण त्यावर विसंबू नका. फोम ऊब तयार करत नाही, गोठायला फक्त उशीर लावतो. आपल्याकडे बेळगावात स्वेटरावर भागतं. तिकडे रात्री पारा उणे 20 च्याही खाली जातो. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. पेक्सचा (लवचिक प्लास्टिकचा) पाइप एखादवेळी ताणून घेतो, सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) तडकतो. सगळ्यात आधी जातात ते पितळी जोड, नळाच्या आतले भाग आणि पंपाचं प्लास्टिकचं डोकं.

चासीखाली टांगलेली टाकी आत, पलंगाखाली घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ब्रॅकेट कुणीही वेल्डिंग करून देईल. लाइनला उतार ठेवून सगळ्यात खालच्या जागी ड्रेन कॉक (पाणी काढून टाकायची तोटी) बसवा. मुक्कामी बस गरम राहणार नसेल तर टाकी आणि गिझर रिकामे करा, नळ उघडे ठेवा आणि पंप थोडा कोरडा चालवा. उरलेलं पाणी काढायला कंप्रेसरची हवा मारणार असाल तर रेग्युलेटर लावून दाब 2 बारच्या आतच ठेवा; टायरचा दाब थेट सोडलात तर जोड निसटतील.

सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी उरतंच, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) ओता. रेडिएटरचं कूलंट मात्र चुकूनही नको. ते बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं, म्हणजे विषच.