झिपमधली पहिलीच फाइल वाचली जाते, बाकीच्या कुठे जातात? (पेंटाहो)

शुक्रवारपेठी_औषधवाला
नमस्कार मंडळी. आमचा औषधांचा घाऊक व्यापार, ऑफिस शुक्रवार पेठेत. कोथरूड, हडपसर आणि चिंचवडच्या शाखा रात्री शटर ओढायच्या आधी दिवसाचा हिशेब झिप करून आमच्या सर्व्हरवर टाकतात. प्रत्येक झिपमध्ये तीन सीएसव्ही: विक्री, परतावा, जमा. सकाळी शेठ यायच्या आत सगळं डेटाबेसमध्ये बसलेलं लागतं.

पेंटाहो म्हणजे फाइलींतला डेटा उचलून डेटाबेसमध्ये भरणारं सॉफ्टवेअर. त्याच्या टेक्स्ट फाइल इनपुट या स्टेपमध्ये, कंटेंट टॅबवर, कॉम्प्रेशनला 'झिप' निवडलंय. कोथरूडची विक्री व्यवस्थित येते. परतावा आणि जमा मात्र गायब. हडपसरच्या तर शून्य ओळी. लॉगमध्ये एकही एरर नाही, जॉब हिरवी टिक दाखवून मोकळा. एरर आली असती तर निदान शेठना दाखवता तरी आली असती. झिप हाताने उघडली की तिन्ही फाइली नीट दिसतात.

मोबाइलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठी आहे. मार्ग शब्दांत सांगितलात तरी समजेल.

रात्रपाळी_हिंजवडी
सरळ जॉबमध्ये आधी 'अनझिप फाइल' लाव, एका फोल्डरमध्ये सगळं काढ आणि तिथून साध्या सीएसव्ही वाच. झिपचं पुढे काय करायचं, म्हणजे ठेवायची, उडवायची की दुसरीकडे हलवायची, तेही तिथेच निवडता येतं. डोक्याला ताप नाही. फक्त शाखेप्रमाणे फोल्डर वेगळे ठेव, नाहीतर एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर बसतील.

कर्वेरोडचे_काका
प्रश्न नीट विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो. एरवी इथे लोक 'चालत नाही, मदत करा' एवढंच लिहून जेवायला जातात.

कॉम्प्रेशनला 'झिप' निवडलं की ती स्टेप झिपमधली पहिली नोंद वाचते आणि थांबते. कागदोपत्रीही तसंच लिहिलेलं आहे, त्यामुळे एररचा प्रश्नच येत नाही. पहिली म्हणजे अकारविल्हे पहिली नव्हे. झिप करताना जी आधी भरली गेली ती. हडपसरवाला बहुधा फाइली न निवडता अख्खा फोल्डरच झिप करतो. मग पहिली नोंद त्या फोल्डरचीच असू शकते, आणि फोल्डरमध्ये ओळी कुठून येणार? अनझिप कमांडला उणे एल देऊन आतल्या फाइलींची यादी पाहा, लगेच कळेल.

आता उपाय. केटल, म्हणजे पेंटाहोचं आतलं इंजिन, फाइली उघडायला अपाचे व्हीएफएस ही लायब्ररी वापरतं आणि त्याला झिपच्या आत फोल्डरसारखं शिरता येतं. फाइलच्या मार्गाआधी 'झिप' आणि कोलन, झिपच्या नावानंतर उद्गारचिन्ह आणि स्लॅश. एवढंच डिरेक्टरीच्या रकान्यात लिहा. शेजारच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे नावाच्या नमुन्याच्या, रकान्यात विक्री, मग डॉट-स्टार, मग बॅकस्लॅश-डॉट-सीएसव्ही. नुसतं स्टार-डॉट-सीएसव्ही लिहू नका, ते डॉसचं झालं. हडपसरसाठी सबफोल्डरचा रकाना 'होय' करा. आणि कॉम्प्रेशन परत 'नन' करा! व्हीएफएसने एकदा सोडवलेली फाइल स्टेप पुन्हा सोडवायला गेली तर हाती काही लागणार नाही.

विक्री, परतावा आणि जमा यांचे कॉलम वेगळे असणार, तेव्हा तिघांना तीन स्टेप. एकाच जाळ्यात सगळे मासे धरू नका.

फाइलच्या नावात टक्क्याचं चिन्ह असेल तर व्हीएफएस गडबडतं, तिथे टक्का-दोन-पाच लिहावं लागतं. 'सूट १०%' अशी नावं ठेवणारे कारकून मी पाहिलेत.

शुक्रवारपेठी_औषधवाला
काका, कोथरूड आणि हडपसर दोन्ही पूर्ण आले. हडपसरला खरंच फोल्डर होता! चिंचवड मात्र कधी येतं, कधी झिप उघडतच नाही म्हणून पडतं. तीच फाइल दहा मिनिटांनी चालवली की येते.

स्क्रिप्टवाली_ताई
चिंचवडची फाइल अजून चढत असताना तुमचा जॉब उचलतोय. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. शेपूट पोचलं नसेल तर आत काय आहे हे व्हीएफएसला कळायचा मार्गच नाही. शाखेला सांगा, आधी दुसऱ्या शेपटाने, म्हणजे डॉट-पार्ट नावाने, फाइल टाका आणि पूर्ण चढली की नाव बदलून डॉट-झिप करा. तुमचा जॉब फक्त डॉट-झिप बघेल. जॉब उशिरा लावणं हा उपाय नाही, चिंचवडचं नेट एखाद्या रात्री त्याहून उशीर करेल.

आणि कुणी हौसेने झिपला पासवर्ड लावला तर हे काहीच चालणार नाही, जावाच्या मूळ झिप लायब्ररीला पासवर्ड उघडता येत नाही. त्या शाखेपुरतं जॉबमध्ये शेल स्टेप (बाहेरची कमांड चालवणारी) घेऊन सेव्हन-झिप या प्रोग्रामने सोडवा.

शुक्रवारपेठी_औषधवाला
ताई, पासवर्ड नाहीये, सुटलो. नाव बदलायचं आत्ताच चिंचवडला फोन करून सांगतो.