सांगलीच्या पुरासाठी हॅमवाल्यांची मेश : गरज की हौस?

कृष्णाकाठ : २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या गल्लीतला मोबाइल टॉवर बॅटरी संपताच गप्प झाला. आपण हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओ चालवणारे, अजून आवाजावरच्या 'रॉजर, ओव्हर'वरच. माझं म्हणणं, गच्चीवर लावायचे वायफाय रेडिओ घ्यावेत, त्यात एआरईडीएनचं फर्मवेअर (आणीबाणीतल्या डेटासाठी हॅम मंडळींनी बनवलेलं, रेडिओ चालवणारं सॉफ्टवेअर) भरावं आणि त्यांची जाळी, म्हणजे मेश, उभी करावी. एक नोड, म्हणजे जाळीतला एक रेडिओ, दंडोबाच्या डोंगरावर, एक मिरजेत, एक विश्रामबागला. नोड एकमेकांना आपणहून शोधतात, एक पडला तर डेटा दुसऱ्या वाटेनं जातो. इंटरनेट नसलं तरी फोटो, याद्या, आयपी फोन चालतो.

मोर्सकाका : बाळा, बोटीतला माणूस लॅपटॉप उघडणार काय? त्याला हातात हॅन्डी, म्हणजे वॉकीटॉकी, पाहिजे. तिचा दोन मीटरचा बँड झाडाझुडपांतून निघतो तरी, तुझ्या मेशच्या ५.८ गिगाहर्ट्झला मधे एक आंबा आला की खेळ खलास. दहा किलोमीटरच्या लिंकला मध्यावर नजरेच्या रेषेभोवती साधारण ११ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. नुसता डोंगर दिसून भागत नाही.

कृष्णाकाठ : काका, बोटीसाठी नाहीच हे. छावणी ते कंट्रोल रूम. तीनशे माणसांची यादी आवाजावर सांगून बघा एकदा. आडनावांतच रात्र जाईल.

पाचवा_मजला : याद्यांचंच विचारते. हॅम बँडवर मजकूर लपवायला एन्क्रिप्शन चालत नाही. म्हणजे कुणाला कुठलं औषध चालू आहे, कोण बाई एकटी कुठल्या शाळेत आहे, सगळं चव्हाट्यावर. मग हॅमचा हट्ट कशाला? ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून परवान्याशिवाय वापरायला खुला आहे. तीच डिश, कंपनीचंच फर्मवेअर, वर पासवर्ड. शिवाय ते एआरईडीएन अमेरिकेच्या नियमांवर बेतलेलं. तिथले चॅनेल जसेच्या तसे इथं लावू नका, आधी आपला हॅम परवाना वाचा.

मोर्सकाका : लाख बोललात ताई.

कृष्णाकाठ : त्या पट्ट्यात केबल-ब्रॉडबँडवाल्यांचा बाजार भरलाय, ताई. गोंगाटात लिंक टिकेल का, ही भीती. पण औषधांचं मान्य, ते कागद माणसाहाती पाठवू. पाण्याची पातळी, धान्य, बोटी कुठं आहेत, हे उघडं असलं तर बिघडलं काय? उलट चार जणांनी ऐकावंच.

मोर्सकाका : आणि डोंगरावरची बॅटरी? आपला आवाज पुढे पाठवणाऱ्या रिपीटरची बॅटरी शेवटची कधी तपासली, सांग बरं. पावसाळ्यात माकडं केबल कुरतडतात ते वेगळंच.

कृष्णाकाठ : …मार्चमध्ये. गेल्या वर्षीच्या.

पाचवा_मजला : 😄

कृष्णाकाठ : बरं, रविवारी सकाळी सातला दंडोबाला जातोय. काका, तुमची दुर्बीण आणा. विश्रामबागची पाण्याची टाकी दिसते का तेवढं बघू, मग भांडू.