मदत हवी आहे: सरावासाठी छोटा बास ॲम्प, आवाज नैसर्गिक हवा, बजेट १५ हजार

खर्जवाला

मंडळी नमस्कार,

सांगलीत असतो, नोकरी सांभाळून बास गिटार वाजवतो. आमचा घरगुती ग्रुप आहे: पेटी, तबला, एक गायक आणि मी. भावगीतं, जुनी नाट्यपदं, अधूनमधून अभंग. रविवारी तबलजींच्या हॉलमध्ये बसतो. कार्यक्रम असला तर साउंडवाल्याची सिस्टीम असतेच, त्यामुळे स्टेजसाठी काही नको. घरचा सराव आणि रविवारची बैठक, एवढ्यापुरताच ॲम्प हवाय.

सध्या यामाहा टीआरबीएक्स १७४ एका जुन्या मल्टिइफेक्ट पेडलमधून कॉम्प्युटरच्या २.१ स्पीकरला जोडतो. आवाज भरपूर येतो, पण तो बासचा कमी आणि गणपतीच्या मंडपातला जास्त. मोकळी ए तार वाजवली की खोली घुमते, टेबलावरचा स्टीलचा पेला वाजायला लागतो. त्याच तारेवर पाचव्या फ्रेटला डी धरला की आवाज निम्मा. मला साधा आवाज हवाय. बोट तारेवर जसं पडतं तसं ऐकू यावं, सूर कळावा. डिस्टॉर्शन, रिदम मशीन, ॲप वगैरे काही नको.

खोली १० बाय १२. खालच्या मजल्यावर काका-काकू राहतात, काका रात्री नऊला झोपतात.

प्रश्न असे की १५ वॅट पुरतील का? ८ इंची स्पीकरमधून खालची ई खरंच ऐकू येते, की फक्त टकटक? की बास ॲम्पचा नाद सोडून कीबोर्ड ॲम्प घ्यावा? शिवाय अमेरिकेतला भाचा दिवाळीत येतोय, तिकडून आणतो म्हणतो. इथे दुकानात जाऊन वाजवून बघायची सोय नाही. शेजारी मिरज आहे, तंबोरा-सतार हवी असती तर बनवणारी घरं दाराशी आहेत, २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. बास ॲम्पसाठी मात्र पुणं गाठावं लागतं.

जाणकारांनी सांगावं.

मंद्रसप्तक

आधी खोलीचं बघा, ॲम्पचं नंतर.

१० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी पहिली लाट उभी राहते ती साधारण ५६ हर्ट्झला. तुमची मोकळी ए आहे ५५ हर्ट्झ. १२ फुटांच्या बाजूने हिशेब केला तर ४७ च्या आसपास येतं, म्हणजे ई तारेचा दुसरा फ्रेट, एफ शार्प. हे दोन सूर तुमच्या खोलीत फुगणारच, स्पीकर कुठल्याही कंपनीचा असो. डी ७३ हर्ट्झला आहे, तिथे खोली मदत करत नाही, म्हणून तो निम्मा वाटतो. तुमच्या २.१ चा वूफर टेबलाखाली कोपऱ्यात आहे का? असेल तर दोन्ही भिंती आणि फरशी मिळून तेच सूर आणखी वाढवतायत. बाहेर काढून ठेवा आणि परत ऐका.

आता ८ इंचाचं. खालची ई ४१ हर्ट्झ. छोट्या पेटीतला (म्हणजे ॲम्पच्या लाकडी खोक्यातला) ८ इंची स्पीकर ८० च्या खाली झपाट्याने उतरतो, म्हणजे ई चा मूळ सूर जवळपास येतच नाही. पण ८२, १२३, १६५ हे तिचे वरचे स्वरांश येतात आणि त्यावरून कान मूळ सूर स्वतःच धरतो. त्यामुळे टकटक नाही, ई ई म्हणूनच ऐकू येते, फक्त पोटात जाणवत नाही. तुमच्या खोलीत तर हा फायदाच आहे. जो भाग घुमतो तोच हा स्पीकर देत नाही. छोटा ॲम्प मोठ्यापेक्षा स्वच्छ वाटला तर नवल नको.

वॅटच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. १५ चे २५ झाले तर वाढतात फक्त २ डेसिबल आणि वर थोडे. फरक पडतो तो स्पीकर किती मोठा, पेटी केवढी आणि किती घट्ट, यावर.

गोंयकार

मडगावहून. लग्नात बँडबरोबर वाजवतो, घरी फेंडर रंबल २५ आहे. ८ इंची स्पीकर, चार टोन नॉब, हेडफोन, मोबाइलवरची गाणी लावायला ऑक्स. तुम्ही म्हणता तसा साधा आवाज त्यात मिळतो, पण एक अट आहे: कॉन्टूर नावाचं बटण बंद ठेवायचं. ते दाबलं की खालचं आणि वरचं वाढतं, मधलं खचतं. दुकानात एकट्याने वाजवताना लई भारी वाटतं, आणि चार माणसांत बसलं की बास गायब. लोक ते दाबून ठेवतात आणि मग ॲम्पला नावं ठेवतात. ओव्हरड्राइव्हचं बटण आहे, त्याचं तुम्हाला काम नाही.

मी सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरू करतो. मग बास थोडा कमी, लो-मिड थोडा जास्त. घरच्या खोलीत बास नॉब मध्याच्या वर कधीच नेला नाही.

ऑरेंज क्रश बास २५ पण बघा, त्यातही ८ इंचीच. मधल्या सुरांचा नॉब नेमका कुठे लागू करायचा ते ठरवता येतं आणि ट्यूनर आतच आहे. आवाज मात्र थोडा रंगीत, मला रॉकला आवडतो, तुमच्या नाट्यपदाला कितपत चालेल शंका आहे. ॲम्पेग बीए १०८ ची पेटी मागे कलती करून ठेवता येते, तोंड थेट कानाकडे. खोली लहान असेल तर ही सोय छोटी नाही.

सर्किट

भाच्याचं ऐकायच्या आधी एक गोष्ट. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून ॲम्पही चालेल असं नाही. मागच्या पॅनलवर काय छापलंय त्याचा फोटो मागवा. नुसतं १२० असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड असतो आणि कधी कधी स्वतःच गुणगुणतो. त्यात वॉरंटी तिकडची. ८-९ किलोची पेटी विमानातून आणून एवढंच हाती येणार असेल तर भाच्याला केबल आणि तारांचा सेट आणायला सांगा.

इथे घ्या, तीन पिनी प्लग लावा आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मग लोक हम (सतत गुणगुण) येतो म्हणून बासचे पिकअप बदलत बसतात.

आणि कोणी ब्लूटूथ स्पीकर सुचवेल, त्याच्या आधीच सांगतो: नको. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, लयीत वाजवणं अशक्य.

पेठेतला

मी उलटं सांगतो. ॲम्प घेऊच नका. साधा ऑडिओ इंटरफेस (बास लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या, चांगला बंद हेडफोन घ्या, लॅपटॉपला जोडा. ई मूळ सुरासकट ऐकू येईल, खोलीचा प्रश्न नाही, काकांचाही नाही. नैसर्गिक आवाज म्हणत असाल तर एवढ्या पैशात याच्या जवळ जाणारा छोटा ॲम्प नाही.

खर्जवाला

@पेठेतला, पटतंय, पण रविवारचं काय? तबलजींना हेडफोन लावायला सांगू? 😀

@मंद्रसप्तक, वूफर कोपऱ्यातच होता. खोलीच्या मध्याकडे सरकवला, स्टुलावर ठेवला. पेला गप्प. ए अजून डी पेक्षा मोठीच आहे, पण आता सूर म्हणून ऐकू येते. खाली विचारलं तर काकू म्हणाल्या, आज वाजवलंच नाहीस का.

गोष्ट अशी की आमचा गायक काळी एकमध्ये गातो. माझा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, खालचा पंचम ई तारेच्या चौथ्यावर. सगळं गाणं या दोन सुरांच्या आसपास फिरतं. हॉलमध्ये तो खालचा पंचम डग्ग्यात पार बुडतो. मी वाढवला की तबलजी मान वर करून बघतात.

डग्गा

तबलजींच्या बाजूने मी बोलतो, कारण मी तीच मान वर करून बघतो.

डग्ग्याची घिस्सा (हात घासून काढलेला घुमारा) आणि तुमचा पंचम एकाच जागेसाठी भांडतात. तुमचा पंचम ५२ हर्ट्झचा, पण छोट्या ॲम्पमधून त्याचा १०४ चा भागच जास्त येतो, आणि तिथे आमचा डग्गा आधीच बसलेला असतो. तिथे तुम्ही कितीही आवाज वाढवा, दोघांचं मिळून एक लांब "हूँ" होतं. वाढवायचंच असेल तर ५०० ते ८०० च्या मधलं वाढवा, बोटाचा ठसा तिथे असतो. आणि खालचं चक्क कमी करा. बास एकट्याने ऐकला तर बारीक वाटेल. सगळ्यांत बसवून ऐकाल तेव्हा कळेल.

दुसरं, प्रत्येक मात्रेवर वाजवू नका. सम आणि खाली सोडली तर उरलेल्या जागेत डग्गा बोलू द्या. यासाठी ॲम्प लागत नाही. (राग मानू नका.)

मंद्रसप्तक

डग्गा यांना +१, दोन्ही मुद्द्यांना.

भावगीताला फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा लावून बघा. बोट सरकल्याचा चर्र आवाज जातो, सूर गोल येतो. सेट स्वस्त नसतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या मते तुमच्या "नैसर्गिक" मधला मोठा वाटा तारांचा असेल, आणि नव्या ॲम्पला त्याचं श्रेय फुकट मिळेल.

कीबोर्ड ॲम्पचं राहिलं. त्यात वेगळा ट्वीटर असतो आणि आवाज सपाट ठेवलेला असतो, म्हणून बास त्यातून खरंच साधा येतो. पण या बजेटमधले छोटे कीबोर्ड ॲम्प ई-ए वर जोर दिला की फडफडतात. १० इंचाच्या खालचा बासला नको. गिटार ॲम्पमध्ये बास हळू आवाजात वाजवला तर काही होत नाही, मोठ्याने वाजवला तर स्पीकरचा पडदा (कोन) जातो.

खर्जवाला

नवी बातमी. कोल्हापुरात एक जण रंबल ४० विकतोय, १० इंची, नवा घेतला तर माझं बजेट फाटतं, हा बजेटमध्ये बसतोय. वजनाला २५ पेक्षा हलका निघाला, ८ किलोच्या आसपास, हे आधी खरंच वाटलं नाही. मागे एक्सएलआर आउट आहे, म्हणजे कार्यक्रमात साउंडवाल्याला थेट देता येईल. पण तो म्हणतो "व्हॉल्यूमचा नॉब जरा खरखरतो, बाकी एकदम ओके". घ्यावा का?

सर्किट

खरखर बहुतेक धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून नॉब मागेपुढे फिरवला की जाते. त्याला मात्र हे सांगू नका, हजार-पाचशे कमी करून घ्या.

बघायचं ते हे. स्वतःचा बास आणि स्वतःची केबल न्या. मधल्या आवाजावर मोकळी ई वाजवा, मग एकेक फ्रेट करत वर जा, एखाद्याच सुरावर फडफड किंवा खडखड येते का ऐका. मागच्या बाजूने हात लावून दाबून बघा, कधी कधी नुसता सैल स्क्रू असतो. हेडफोन घाला: स्पीकर बंद झाला पाहिजे, काढला की लगेच सुरू. तो जॅक झिजला की स्पीकर मध्येच मुका होतो आणि लोकांना वाटतं ॲम्प गेला. एक्सएलआरची सॉकेट त्याच्या घरी तपासता येणार नाही, पण पिना वाकलेल्या नाहीत एवढं बघा. आणि निदान अर्धा तास चालू ठेवा. गरम झाल्यावर जे बिघडतात ते पहिल्या पाच मिनिटांत शहाण्यासारखे वागतात.

गोंयकार

४० मिळत असेल तर घ्या, हॉलमध्ये २५ ची दमछाक होते. घरी स्टुलावर, भिंतीपासून लांब. कॉन्टूर बंद!

खर्जवाला

ठरलं, शनिवारी कोल्हापूर. तबलजी पण येतायत, म्हणतात घेण्याआधी मी ऐकणार, नंतर तक्रार नको. भाच्याला फ्लॅटवाउंडचा सेट सांगून टाकलाय, ३४ इंच स्केल, जाडी ४५ ते १०५. यातलं काही बदलायचं असेल तर दिवाळीच्या आत सांगा. कोणाकडे ॲम्पखाली ठेवायला जाड फोम किंवा स्टँड पडून असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.