दक्षिण स्पेन गाडीने: सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा, रोंदा. मार्ग सुचवा

रानवाट: ऑक्टोबरात आंदालुसियाला निघालोय. मी, नवरा आणि सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, शिवाय गुडघे दुखतात. सेव्हियाला उतरल्यापासून भाड्याची गाडी घ्यावी का? रस्ते, पार्किंग, खाणं, काहीही सांगा.

बोरकूट: सेव्हियात गाडी नकोच. कोर्दोबाला वेगवान रेल्वेने पाऊण तासात पोचाल, गाडी तिथून घ्या. जुन्या वस्त्यांत गाडी म्हणजे डोक्याला ताप. ग्रानादाच्या आल्बाईसिन भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र तुम्ही पुण्यात पोचल्यावर येतं. हॉटेल आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ परवानाही जवळ ठेवा. तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच सांगून ठेवा.

उनाड पाऊल: मी तर म्हणेन ग्रानादालाही रेल्वेनेच जा.

बोरकूट: छे! कोर्दोबा-ग्रानादा एन-४३२ रस्ता चुकवायचा? नजर जाईल तिथवर ऑलिव्हच्या बागा, मधे आल्काला ला रेआलचा डोंगरी किल्ला. गाडी घ्यायची ती यासाठीच.

तिखटमीठ: कोर्दोबाची मेस्किता सकाळी लवकर गाठा. ७८५ च्या सुमारास सुरू झालेली मशीद, आठशेहून जास्त खांब, लाल-पांढऱ्या कमानी, आणि सोळाव्या शतकात त्याच्या ऐन मध्यात उभं केलेलं कॅथेड्रल. मला तरी ते खुपलं, पण बघायलाच हवं. ग्रानादाच्या टेकडीवरच्या आल्हाम्ब्रा किल्ल्याची तिकिटं विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. त्यातल्या नासरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की गेलं. पासपोर्ट सोबत हवा. सासूबाईंना चढ चढवू नका, गावातून सी-३० बस थेट वर जाते.

आता खाण्याचं सांगते, सालमोरेखो हे टोमॅटो-पावाचं गार सूप छान, पण वरून हॅम आणि अंडं भुरभुरतात. 'सिन खामोन, सिन वेवो' (हॅम नको, अंडं नको) पाठ करून ठेवा. भाजीतही हॅमचे तुकडे निघतात, तेव्हा प्रत्येक वेळी विचारा. वांग्याची तळलेली कापं उसाच्या काकवीसोबत देतात. सासूबाई खूश होतील. सेव्हियात पालक-छोले मिळतात, जिऱ्याच्या चवीचे. रात्रीची स्वयंपाकघरं साडेआठच्या आधी क्वचितच उघडतात, सातला जेवायची सवय असेल तर खोलीवर काहीतरी ठेवा.

रानवाट: काकवी! ठरलं मग. रोंदाला एक रात्र की दोन?

बोरकूट: दोन. दुपारी सहलींच्या बसगाड्यांची झुंबड असते. रोंदाचा १७९३ चा पूल (खाली जवळपास शंभर मीटर दरी) सकाळी किंवा संध्याकाळी बघा. मधल्या दिवशी जवळचं सेतेनिल गाव करा, तिथे अख्खी गल्ली कड्याच्या पोटाखाली आहे. वेळ उरला तर ग्रासालेमा हे डोंगरातलं गाव. पण तो घाट भारी वळणांचा, सासूबाईंना गाडी लागत असेल तर सेतेनिलवरूनच परत फिरा.