सायप्रसमधून निळ्या टोप्या काढल्या की प्रश्न सुटतो म्हणे!

उत्तररात्र:
'रोखठोक' यांनी परवा ठोकून दिलं की साठ वर्षं निळ्या टोप्या (संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक) सायप्रसमध्ये आपल्या पैशांवर ऊन खात बसल्यात, उद्या परत बोलवा, ग्रीक आणि तुर्की सायप्रसवाले, दोन्ही बाजू झक मारत तह करतील. त्याखाली '+१'ची रांग. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

शांतिसेना पाठवणारा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १८६, ४ मार्च १९६४. मुदत तीन महिने. त्या तीन महिन्यांची साठ वर्षं झाली याची टिंगल मीही करतो. पण ते सैन्य तह घडवायला गेलंच नव्हतं. मारामारी पुन्हा पेटू नये एवढंच काम. तह घडवायचा तो मुत्सद्द्यांनी आणि त्यांना पाठवणाऱ्या सरकारांनी.

आपल्याच जनरल प्रेमचंद यांचं बघा. कटांगा, सायप्रस, नामिबिया, तिन्हीकडे त्यांनी निळी टोपी घातली. काँगोतलं कटांगाचं फुटीर राज्य जानेवारी १९६३ मध्ये संपलं. नामिबिया मार्च १९९० मध्ये स्वतंत्र झाला. मधल्या काळात सायप्रसमध्ये ते सेनापती असतानाच, १९७४ साली, बेटाचे दोन तुकडे झाले. माणूस तोच, मग फरक कुठे पडला? कटांगा फुटायला अमेरिकेला नको होता. नामिबियासाठी १९८८ मध्ये क्यूबा, अंगोला आणि दक्षिण आफ्रिका यांचा सौदा जमला. सायप्रसमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही नाटोत, ब्रिटनचे तर बेटावर स्वतःचे दोन तळ. कोणालाच कोणाला दुखवायचं नव्हतं. आणि शिव्या कोणाला? पहाऱ्यावरच्या शिपायाला.

रोखठोक:
लिहिलंय छान, पण माझ्या मुद्द्याला हात लावलेला नाही. १५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करशहांनी सायप्रसचे अध्यक्ष मकारिओस यांना उलथवलं. २० जुलैला तुर्की फौज उतरली. १४ ऑगस्टला दुसरा हल्ला, आणि बेटाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. तुमची शांतिसेना दहा वर्षं तिथेच होती ना? 'पेटू नये एवढंच काम' म्हणता, मग पेटलं तेव्हा काय केलं?

आणि नंतरचं जास्त वाईट. दोन्ही बाजूंच्या मधला १८० किलोमीटरचा पट्टा यांनी राखून ठेवलाय, म्हणून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना तडजोड न करण्याची चैन परवडते. आमच्या भाऊबंदकीत जमिनीला 'जैसे थे'चा हुकूम मिळाला, त्यानंतर दोन्ही चुलते निवांत झाले. आता वारसांना मूळ भांडण काय होतं तेही आठवत नाही.

उत्तररात्र:
१९७४ मध्ये काय केलं? निकोसियाच्या विमानतळावरून लढाई पेटली होती, तो ताब्यात घेऊन संयुक्त राष्ट्रांचं संरक्षित क्षेत्र जाहीर केलं आणि तुर्कांना आत येऊ दिलं नाही. तो आजही संयुक्त राष्ट्रांकडेच आहे. चाळीस हजारांच्या फौजेपुढे याहून काय करायचं होतं, लढायचं?

रोखठोक:
हो! कटांगात लढलेच की. तुमचेच प्रेमचंद. तिथे जमतं आणि इथे हात बांधलेले?

उत्तररात्र:
अहो, तेच तर वर लिहिलंय. हात कोण बांधतं आणि कोण सोडतं ते बघा.

दर्यावर्दी:
मी लिमासोलला जहाजांच्या धंद्यात काही वर्षं काढली आहेत, म्हणून दोन पैसे टाकतो. माझा घरमालक मूळचा व्हरोशाचा. फामागुस्ताला लागून असलेली ती हॉटेलांची वस्ती, १९७४ पासून २०२० पर्यंत पूर्ण तारेच्या कुंपणात. बेट एकत्र आणायच्या २००४ च्या अन्नान योजनेत (संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची) व्हरोशा परत मिळणार होतं. म्हणजे याला स्वतःचं घर मिळत होतं. तरी गड्याने 'नाही'वर शिक्का मारला. विचारलं तर म्हणाला, तुर्की सैनिक बेटावर राहणार, तुर्कस्तानचा हस्तक्षेपाचा हक्कही राहणार, मग पोरांना तिथे कशाच्या भरवशावर पाठवू? शांतिसेना त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती, ना वाईट ना चांगली. तेव्हा 'सैन्य काढलं की तह' हे निदान त्याच्यापुरतं तरी खोटं.

अनुस्वार:
दर्यावर्दी, तुमच्या घरमालकाबद्दल सहानुभूती आहे. पण 'फुटीर' म्हणून ज्यांना सगळे मोडीत काढतात, त्या तुर्की सायप्रसवाल्यांचं कोणी बोलणार का? १९६३ च्या डिसेंबरपासून दहा वर्षं ते छोट्या छोट्या वस्त्यांत कोंडून राहिले. १९८३ मध्ये त्यांनी वेगळं राज्य जाहीर केलं, तुर्कस्तान सोडून कोणी मान्य केलं नाही, ठीक. पण २४ एप्रिल २००४ ला ६५ टक्क्यांनी एकत्र यायला 'हो' म्हटलं ते यांनीच. 'नाही' म्हटलं ग्रीक बाजूने, ७६ टक्क्यांनी. आणि आठवड्याभरात, १ मे ला, युरोपीय संघात प्रवेश कोणाला? 'नाही' म्हणणाऱ्यांना! 'हो' म्हणणारे अजून बाहेरच आहेत. रोखठोकांना कोंडीचं कारण हवं असेल तर हे घ्या, शिपायाला कशाला धरता?

रोखठोक:
हे मात्र खरं. (कोणी स्क्रीनशॉट काढू नये.) पण प्रवेशाचं वचन आधीच दिलेलं होतं, नाहीतर ग्रीसने बाकीच्या नऊ देशांचा प्रवेश अडवला असता.

सुभेदारांचा पुतण्या:
तुम्ही सगळे पुस्तकी बोलताय. शांतिसेना हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझे काका ऑक्टोबर १९८७ मध्ये भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेत, जाफन्यात होते. जाताना सांगितलं, तामिळ वाघ शस्त्रं खाली ठेवणार, तुम्ही फक्त उभं राहायचं. तीन महिन्यांच्या आत त्याच वाघांशी गल्लीबोळांत लढाई. नकाशे धड नाहीत, सुरुंग रस्त्यारस्त्यांत. ८ महारचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबरला गेले, परमवीर चक्र मिळालं. एकूण आपली अकराशेवर माणसं गेली. मार्च १९९० मध्ये परतले तर मद्रासला मुख्यमंत्री स्वागतालाही आले नाहीत. काका अजूनही त्यावर बोलत नाहीत, बातम्यांत श्रीलंका आली की चॅनल बदलतात.

रोखठोक:
घ्या! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? काकांना नमस्कार सांगा.

उत्तररात्र:
काकांना माझाही नमस्कार, पण हा पुरावा कशाचा? जाफन्यात संयुक्त राष्ट्रं नव्हतीच. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा २९ जुलैचा करार. ज्यांच्याशी युद्ध चाललं होतं त्या वाघांच्या प्रमुखाची, प्रभाकरनची सहीसुद्धा त्यावर नाही.

जावईबुवा:
माझी सासुरवाडी तामिळ आहे, म्हणून आजवर या विषयात पडलो नव्हतो. पुतण्या, तुमच्या काकांचं दुःख मान्य. पण २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले, तेही लिहा. कोणाच्या गोळ्यांनी ते तुम्हाला माहीत आहे. शांतिसेनेची हुतात्मा-यादी वाचायची आणि तिच्यासमोर मेलेल्यांची गाळायची, हा कुठला इतिहास?

सुभेदारांचा पुतण्या:
गोळी कुठल्या खिडकीतून येतेय हे कळत नसताना रात्र काढली आहे का कधी? रुग्णालयातून गोळीबार झाला होता असं सैन्याचं म्हणणं होतं, ते का गाळलंत? घरात बसून न्यायाधीश होणं सोपं असतं.

जावईबुवा:
आणि खाटेवर झोपून सैनिकाच्या गोळीची वाट बघणं? आत गोळीबार झालाच नाही असं वाचलेले कर्मचारी सांगतात. तुम्हाला एकच बाजू ऐकायची असेल तर माझा नमस्कार.

अनुस्वार:
निकोसियाला जायला निघालेला धागा जाफन्यात उतरला. दोघेही जरा थांबा. दोघांच्या घरात जखम आहे, ती इथे मोजून काय मिळणार?

सुभेदारांचा पुतण्या:
मी मोजत नाही, ते मोजतायत.

दर्यावर्दी:
श्रीलंका निघालीच आहे तर नॉर्वेचंही निघू दे. त्यांनी घडवलेला सरकार आणि वाघांमधला फेब्रुवारी २००२ चा युद्धविराम, पाच नॉर्डिक देशांचे निरीक्षक, हातात शस्त्र नाही. माझा एक मित्र तेव्हा त्रिंकोमालीच्या फेऱ्या करायचा. तो म्हणायचा, दोन वर्षं तरी बंदरात रात्री झोप लागली. मग मोडलं कसं?

उत्तररात्र:
मोडण्याची कारणं बरीच आहेत. वाघांचाच सेनानी करुणा याने २००४ मध्ये वाघ फोडले, श्रीलंकेत राजपक्षे अध्यक्ष झाले, प्रभाकरनलाही राजकीय तोडगा नकोच होता. पण निरीक्षकांपुरतं बोलायचं तर घाव युरोपीय संघाने घातला. मे २००६ मध्ये वाघांना दहशतवादी यादीत टाकलं. यादी नैतिकदृष्ट्या बरोबर असेल, पण स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड हे संघाचे सदस्य. वाघ म्हणाले, मग तुमचे निरीक्षक चालते व्हा. उरले नॉर्वे आणि आइसलंड. म्हणजे सायप्रसमध्ये संघाने 'नाही' म्हणणाऱ्याला बक्षीस देऊन दाब घालवला आणि श्रीलंकेत स्वतःचीच माणसं निरुपयोगी केली. मध्यस्थ स्वतःच्या दुकानाचे नियम सांभाळत बसला की असं होतं.

रोखठोक:
इथे प्रथमच सहमत. म्हणजे बाहेरच्यांनी लुडबुड करू नये, हाच माझा मूळ मुद्दा.

अनुस्वार:
तुमचा मूळ मुद्दा सैन्य काढण्याचा होता. लुडबुड सैन्याने केलेली नाही, ब्रसेल्सच्या युरोपीय संघाने केली. आणि काढून बघाच. १९९६ मध्ये देरिनियाला याच पट्ट्यात चार दिवसांत दोन माणसं मेली, निदर्शनांतून. ऑगस्ट २०२३ मध्ये पट्ट्यातल्याच पिला गावाजवळ रस्त्यावरून भांडण झालं, तुर्की बाजूच्या लोकांनी शांतिसैनिकांनाच मारलं, गाड्या ढकलल्या. ते मधे नसते तर तो मार कोणाला बसला असता?

रोखठोक:
पिला म्हणजे फार तर हातघाई. २००३ पासून नाकी खुली आहेत, लाखो लोक येतात जातात, खून पडत नाहीत. यांना एकत्र राहायचं असेल तर राहतील, नसेल तर दोन राज्यं मान्य करून टाका. उत्तरेचे अध्यक्ष तातार तेच म्हणत होते.

दर्यावर्दी:
तातार ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत पडले. एर्ह्यूरमान निवडून आले, ते संघराज्यवाले आहेत. म्हणजे उत्तरेच्या मतदारांनाच दोन राज्यांचा कंटाळा आलाय, आणि तुम्ही इथून ती वाटताय.

रोखठोक:
बरं, तो मुद्दा तुमचा. 'साठ वर्षं आपल्या पैशांवर' हा माझा, त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

उत्तररात्र:
घ्या. या सैन्याच्या खर्चाचा एक तृतीयांश सायप्रस सरकार देतं. ग्रीस वर्षाला ६५ लाख डॉलर देतो. जवळजवळ निम्मा खर्च तिथेच निघतो. ज्यांचं भांडण, ते पैसे मोजून पहारा ठेवतायत. आता तरी वाक्य मागे घ्याल?

रोखठोक:
निम्मं मागे घेतलं. उरलेलं निम्मं कायम.